रशियन कलेचा इतिहास अभ्यासताय? या चुका टाळा

रशियन कलेकडे वळणारा वाचक बहुधा वास्तववादी चित्रकार रेपिन किंवा अमूर्त चित्रं काढणाऱ्या मालेविचपासून सुरुवात करतो, मग मागे जाऊन आयकॉनची, म्हणजे लाकडी फळीवरच्या संतांच्या धार्मिक चित्रांची, पानं चाळतो आणि तिथेच कंटाळतो. सगळे संत सारखेच वाटतात, शतकं एकमेकांत मिसळतात. याचं मोठं कारण म्हणजे आपण चित्र कधी काढलं एवढंच टिपून ठेवतो. रशियात ते लोकांच्या नजरेस कधी पडलं, ही तारीखही तितकीच महत्त्वाची असते. वहीत तिच्यासाठी वेगळा रकाना आखाच.

आंद्रेई रुब्ल्योवचं ‘त्रैक्य’ हे तीन देवदूतांचं आयकॉन घ्या. ते पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतलं. लाकडी फळीवर खडू आणि सरसाचा पांढरा थर, त्यावर अंड्याच्या बलकात कालवलेले रंग आणि सगळ्यात वर जवसाच्या तेलाचा हात. हे तेल काही दशकांत काळवंडतं, त्यात मेणबत्त्यांची काजळी धरते. मग पुढच्या पिढीतला कुणी चितारी त्याच आकृत्या वरून पुन्हा रंगवतो. ‘त्रैक्या’वर असे थर तर चढलेच, शिवाय सोन्याचं आवरणही बसलं, त्यातून देवदूतांचे चेहरे आणि हात-पाय तेवढे दिसत. १९०४ साली वासिली गुर्यानोव्हने आवरण काढून थर उतरवायला घेतले, तेव्हा खालचा निळा रंग उजेडात आला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या लेखकाने आयकॉन काळपट असल्याचं लिहिलं असेल, तर त्याची नजर चुकली असं समजू नका. त्याच्यासमोर खरोखर काळपट फळीच होती.

दुसरा रकाना भरला की आणखी एक गैरसमज गळून पडतो: नव्या चित्रकारांनी परंपरेशी नातंच तोडलं, हा. फ्रेंच चित्रकार मातिस १९११ मध्ये मॉस्कोला आला तो आयकॉन पाहून भारावला. स्वच्छ केलेल्या आयकॉनचं मोठं प्रदर्शन मॉस्कोत भरलं १९१३ मध्ये. आणि १९१५ च्या डिसेंबरात पेत्रोग्रादच्या (म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात मालेविचने ‘काळा चौकोन’ टांगला तो खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ, म्हणजे रशियन घरात जिथे आयकॉन असतो तिथे. जुने आयकॉन आणि नवी अमूर्त चित्रं लोकांसमोर जवळजवळ एकाच वेळी आली, हे ध्यानात न घेता त्या कोपऱ्याचा अर्थ लागणार नाही. पुढे हाच ‘काळा चौकोन’ कित्येक दशकं गोदामात पडून राहिला. सोव्हिएत काळातली कला म्हणजे फक्त ट्रॅक्टर आणि हसरे कामगार, हा समज त्या बंद दारांमुळेच पसरला.

‘पेरेद्विझ्निकीं’विषयीचा, म्हणजे फिरती प्रदर्शनं भरवणाऱ्या चित्रकारांविषयीचा, घोळ तर फारच सर्रास दिसतो. १८६३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या शाही अकादमीत सुवर्णपदकासाठी वल्हालातल्या (नॉर्स पुराणकथांतल्या वीरांच्या स्वर्गातल्या) मेजवानीचा विषय ठरवून दिला गेला. तो नाकारून चौदा जण बाहेर पडले. क्राम्स्कोय त्यांचा म्होरक्या. त्यांनी आधी एक सहकारी मंडळ काढलं. फिरती प्रदर्शनं भरवणारी संस्था १८७० ची आणि तिचं पहिलं प्रदर्शन १८७१ चं. या चौदांत रेपिनचं नाव बिनदिक्कत घातलं जातं, पण त्याने अकादमीत प्रवेशच घेतला १८६४ मध्ये! त्याच अकादमीचं सुवर्णपदक त्याने १८७१ मध्ये मिळवलं आणि त्याचं व्होल्गाकाठी नाव ओढणाऱ्या मजुरांचं चित्र विकत घेतलं ते झारच्या मुलाने. बंडखोर एका बाजूला आणि दरबार दुसऱ्या बाजूला, अशी सरळ फाळणी इथे चालत नाही.

रेपिन बघताना चेहऱ्यांपाशीच थांबू नका. ‘अनपेक्षित’ या चित्रात हद्दपारीतून परतलेला माणूस दारातून आत येतोय, आई खुर्चीतून उठतेय. आता मागची भिंत पाहा. तिथे कवी शेवचेन्को आणि नेक्रासोव्ह यांच्या तसबिरी आहेत, ख्रिस्ताच्या वधस्थळाचं चित्र आहे आणि मृत्युशय्येवरचा झार दुसरा अलेक्झांडरही आहे. तो माणूस कोण आणि कशासाठी शिक्षा भोगून आलाय, ते या भिंतीवरून कळतं. मोबाइलवरच्या छोट्या प्रतीत ती दिसतच नाही. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा उघडाच.

आपल्याला जवळची आणि म्हणून जास्त खटकणारी चूक रशियन चित्रकार वेरेश्चागिनबाबत होते. तोफांच्या तोंडी बांधलेल्या भारतीयांचं त्याचं चित्र १८५७ चा पुरावा म्हणून सतत फिरत असतं. वेरेश्चागिन जन्मला १८४२ साली, भारतात पहिल्यांदा आला १८७४ मध्ये आणि हे चित्र १८८४ च्या सुमाराचं. शिपायांचे गणवेशही त्या नंतरच्या काळातले आहेत. १८७२ मध्ये मालेरकोटल्याला नामधारी शीखांना असंच तोफेने उडवलं होतं, हेही विसरू नका. चित्राची ताकद याने कमी होत नाही. पण प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून ते लावू नये.

आता बारीकसारीक. एकाच घटनेच्या दोन तारखा सापडल्या तर रशियाचं जुनं कॅलेंडर आठवा: एकोणिसाव्या शतकात ते बारा दिवस मागे होतं, १९०० नंतर १९१८ पर्यंत तेरा. वास्नेत्सोव्ह दोन आहेत, विक्तोर आणि अपोलिनारी. माकोव्स्कीही एकाहून अधिक, त्यातला चौदांमधला तो कोन्स्तान्तिन, व्लादिमीर नव्हे. रशियन चित्रं शोधायला आधी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाच्या यादीत शिरू नका, ती बहुतेक मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आणि सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आहेत. आणि रोमन लिपीत नाव टाकून काही हाती लागत नसेल, तर चित्रकाराचं नाव रशियन लिपीत चिकटवून पुन्हा शोधा.