रोजच्या ट्रकला नायट्रस लावायचाय? आधी तो बंद कसा राहील ते बघा

नायट्रस, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनात सोडतात तो नायट्रस ऑक्साइड गॅस, इंजिन फोडतो असं सगळे म्हणतात, पण खरं सांगू का, बहुतेक वेळा इंजिन फोडतं ते कमी पडलेलं पेट्रोल. नायट्रस स्वतः जळत नाही. त्यात वजनाने साधारण ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत असतो २३च्या आसपास, सिलिंडरमधल्या उष्णतेने तो सुटा होतो आणि मग त्याच्यासोबत जळायला जास्तीचं पेट्रोल लागतं, ते मिळालं तर ताकद आणि नाही मिळालं तर मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टनचं पाणी पाणी.

ट्रॅकची गाडी दर वेळी तपासूनच बाहेर निघते, रोजचा ट्रक मात्र ट्रॅफिकमध्ये उभा राहतो, सामान ओढतो, त्याचा फ्युएल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते कुणालाच आठवत नाही. मीच खाल्लाय हा फटका. ७५ एचपीचा जेट (किती गॅस जाईल ते ठरवणारं बारीक भोक) होता, तीनचार वेळा मस्त चाललं म्हणून मी निवांत, पेट्रोलचं प्रेशर पडलं की नायट्रस बंद करणारा फ्युएल प्रेशर स्विच "नंतर लावू" म्हणून डब्यातच पडलेला, आणि बंद ट्रॅकवर फुल थ्रॉटलला पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, जेमतेम दोन सेकंद. इंजिन खोललं तर एका पिस्टनची वरच्या दोन रिंगांमधली कड तुकडे होऊन बसलेली आणि फिल्टर काळा कुळकुळीत.

म्हणून किट मागवायच्या आधी सगळ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करा, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल किंवा इंजिन ऑइल खात असेल तर हा नाद सोडा, आधी इंजिन नीट करा. फिल्टर नवा, फ्युएल पंप दमदार.

किती मारायचा? कंपनीतून आलेल्या कास्ट पिस्टनवर ४ सिलिंडरला ४० ते ६० एचपी, ६ सिलिंडरला ७५ ते १००, व्ही८ला १००-१२५, यापुढे जाऊ नका आणि सुरुवात किटमधल्या सगळ्यात लहान जेटनेच करा. स्टॉक इंजिनात रिंगांची गॅप कमी ठेवलेली असते, जास्त उष्णतेने रिंग फुगते, दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात आणि मग ती पिस्टनची कडच उपटून काढते. पेट्रोलवाल्यांनी वेट किट घ्यावं, त्यात नोजलमधून नायट्रससोबतच पेट्रोल येतं. डिझेलचं गणित वेगळं, तिथे काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल आधीच पडून असतं, त्यामुळे फक्त गॅस सोडतात.

प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्या, गॅप ०.९ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, पुढे आलेल्या लांब टोकाचे प्लग नकोत, ते तापून लाल होतात आणि स्पार्कच्या आधीच मिक्स्चर पेटवतात. टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, दर ५० एचपीला २ डिग्री मागे (उशिरा) घ्या. पेट्रोल मिळेल तेवढ्या जास्त ऑक्टेनचं.

आता वायरिंग, इथे कंजूषी करू नका. सोलेनॉइड, म्हणजे गॅस आणि पेट्रोल सोडणारे विजेवरचे व्हॉल्व्ह, भरपूर करंट खातात म्हणून ३० अँपिअरचा रिले आणि फ्यूज लावायचा, आणि त्या रिलेला करंट मिळण्याआधी सगळ्या स्विचनी एकामागोमाग होकार द्यायला हवा. पहिला आर्मिंग स्विच, तो इग्निशनवर चालणारा. मग थ्रॉटल पूर्ण दाबल्यावरच लागणारा स्विच. मग आरपीएमचा विंडो स्विच, ३००० च्या खाली काही नाही आणि लिमिटरच्या (इंजिनाची कमाल आरपीएम रोखणाऱ्या मर्यादेच्या) ५०० आधीच बंद, कारण कमी आरपीएमला गॅस आणि पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) साचतं आणि एक बॅकफायर झाला की प्लास्टिकच्या मॅनिफोल्डचे तुकडे होतात. शेवटी फ्युएल प्रेशर स्विच, तोच माझा डब्यातला. जमलं तर एग्झॉस्टवरून मिक्स्चर मोजणारा वाइडबँड मीटरही लावा, लीन झालं की कटऑफ मारणारा.

थंड इंजिनवर, मागे लोड किंवा ट्रेलर असताना, अजिबात नाही. रस्त्यावर तर बाटला बंदच, बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे आणि कुठल्याही ठिकाणी ते धोक्याचंच.

बाटल्याचं प्रेशर ९०० ते ९५० पीएसआय हवं. प्रेशर वाढलं की गॅस जास्त जातो पण पेट्रोल तेवढंच, म्हणजे परत लीन, त्यामुळे १०५० दिसलं तर थांबायचं. ३६ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहतच नाही, आणि ट्रकच्या मागच्या पेटीत उन्हात ते तापमान कधी ओलांडलं जातं ते कळतही नाही. थंडीत गरम करायचा तर प्रेशर स्विचवाला इलेक्ट्रिक हीटर, टॉर्चने कधीच नाही, माणसं मेलीत त्यात. बाटला केबिनमध्ये असेल तर सेफ्टी डिस्कची (प्रेशर फार वाढलं की फुटून गॅस सोडणारी चकती) नळी बाहेर काढा. बसवताना व्हॉल्व्हचं तोंड पुढे आणि थोडं वर, लेबल वरच्या बाजूला, म्हणजे आतल्या नळीचं टोक द्रवातच राहतं. फिटिंगला तेल-ग्रीस लावायचं नाही, आणि टेफ्लॉन टेप तर नकोच, त्याचे धागे सोलेनॉइडमध्ये अडकतात.

पहिला रन झाला की प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर चंदेरी ठिपके म्हणजे ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, तिथेच बंद करा. काळ्या मिरीसारखे ठिपके दिसले तरी टायमिंग अजून मागे घ्या.

संपलं की आधी बाटला बंद, मग फुसफुस थांबेपर्यंत लाइन पर्ज (नळीत उरलेला गॅस बाहेर सोडणं), मग आर्मिंग ऑफ. कधी बाटला उघडा राहिला आणि ट्रक रात्रभर उभा होता असं लक्षात आलं तर सवयीने चावी फिरवू नका, सोलेनॉइड जरा गळत असेल तर मॅनिफोल्ड गॅसने भरलेलं असतं. बाटला बंद करा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर आणि फ्युएल पंपचा रिले काढा, थ्रॉटल उघडा ठेवून स्टार्टरवर काही सेकंद इंजिन फिरवून घ्या, मग सगळं परत जोडून स्टार्ट मारा.