गांधी खून खटल्यावर भांडायच्या आधी निकाल कसा वाचायचा

रंकाळ्यावर चार जण बसले आणि विषय गांधी खून खटल्यावर गेला की पाच मिनिटात आवाज चढतोय, आणि निकाल वाचलेला एक पण नसतोय, सगळं व्हॉट्सअॅपचं ज्ञान. त्यात कोल्हापुरात या विषयाच्या ऐकीव गोष्टी लय, कारण खुनानंतर १९४८ ला जी जाळपोळ झाली त्यात सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पण पेटवलेला. पण ऐकीव वेगळं आणि कोर्टात शाबीत झालेलं वेगळं.

तर आधी एक कोरा कागद घ्या आणि तारखा लिहा. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसमध्ये मदनलाल पाहवानं स्फोट केला आणि तो जागेवरच सापडला, ३० जानेवारीला खून झाला. मधले दहा दिवस ठळक करून ठेवा, कारण त्या काळातल्या पोलिसांच्या ढिलाईवर जज आत्माचरण यांनी निकालात ताशेरे मारलेत आणि हे कट्ट्यावर कुणीच काढत नाय. खटला दिल्लीच्या लाल किल्ल्यात चालला, आरोपी आठ, निकाल १० फेब्रुवारी १९४९.

मग प्रत्येक आरोपीच्या नावापुढं दोन रकाने करा, एक खुनाचा, एक कटाचा. हे दोन आरोप वेगळे असतात आणि सगळा घोळ हितंच होतोय. गोळी कुणी झाडली याच्यावर वादच नव्हता. नथुराम गोडसेनं अपील केलं ते पण खुनाच्या शिक्षेवर नाय, तर कट नव्हता, मी एकट्यानंच केलं, एवढ्यावर. सिमल्याला बसलेल्या पंजाब हायकोर्टानं ते मानलं नाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माफीचा साक्षीदार. इथं तो दिगंबर बडगे, पुण्यातला शस्त्रं विकणारा, स्वतः कटात असलेला. असा माणूस स्वतःची मान सोडवून घेऊन बोलत असतोय, म्हणून त्याची साक्ष वाचताना प्रत्येक वाक्याला विचारा, याला दुसरीकडनं दुजोरा हाय का? आठ आरोपींतल्या सावरकरांचंच बघा. बडगेनं सांगितलं की सावरकरांच्या घरी गोडसे आणि दुसरा आरोपी नारायण आपटे वर गेले, मी खाली थांबलो, नंतर सावरकर त्यांच्यासोबत खाली आले आणि ‘यशस्वी होऊन या’ म्हणाले. पण वर काय बोलणं झालं हे त्यानं ऐकलंच नव्हतं, आणि नुसत्या त्याच्या शब्दावर दोषी ठरवणं कोर्टाला सुरक्षित वाटलं नाय, सावरकर निर्दोष सुटले. तुमचं मत काय का असंना, वाद घालायचा तर या कारणावर घाला.

पहिला निकाल वाचून थांबू पण नका. २१ जून १९४९ च्या अपिलात आरोपी डॉ. परचुरे आणि बडगेचा नोकर शंकर किस्तय्या सुटले, खालच्या कोर्टात दोघांना जन्मठेप झालेली. अर्धाच निकाल वाचून बोलणारे लय भेटतात. गोडसे आणि आपटेला १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्यात फाशी झाली.

आजच्या काळात एखाद्या नेत्याला मारायचा कट केला म्हणून केस उभी राहिली तरी पद्धत हीच. भारतीय दंड संहितेतलं कटाचं जुनं कलम १२०-ब आता भारतीय न्याय संहितेत ६१ झालंय, १ जुलै २०२४ पासनं. टीव्हीवर ‘आरोपीने पोलिसांना कबुली दिली’ अशी पट्टी फिरली की लगेच स्टेटस टाकू नका, पोलिसापुढची कबुली साधारणपणे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाय, मॅजिस्ट्रेटपुढं रीतसर दिली तर विचार, आणि ती पण माणूस नंतर फिरवू शकतोय. बातमीपेक्षा ई-कोर्ट्सच्या साईटवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर (म्हणजे त्या खटल्याचा स्वतःचा ओळख नंबर) टाकून पुढची तारीख आणि ऑर्डर बघा. कसबा बावड्याच्या कोर्टात एखादा खटला बसून ऐकायचा असेल तर सुनावणी शक्यतो सगळ्यांना उघडी असते, फक्त फोन बंद ठेवा आणि मागच्या बाकावर बसा, आणि उलटतपासाचा दिवस गाठा, बाकी दिवशी नुसती पुढची तारीख पडती.