दोन्ही कॅलेंडरं एकाच भिंतीवर

मी इंदूरला सीएची प्रॅक्टिस करते. लेक दहा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. ज्यांच्या मुलाचं निदान नुकतंच झालंय असे आईबाप भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नोकरी सोडू का? माझं म्हणणं, पहिल्या काही महिन्यांत हा निर्णय घेऊच नका. मुलाला आपण दिवसभर हवे असतो असं वाटतं खरं, पण बहुतेक मुलांचे कठीण तास ठरलेले असतात. ते आधी शोधा.

त्यासाठी साधी वही पुरते. मूल बिथरलं की वेळ लिहायची, त्याआधी काय चाललं होतं ते, आणि शांत व्हायला काय कामी आलं ते. दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं. आमच्याकडे शाळेची व्हॅन आल्यानंतरचा तास आणि संध्याकाळी सहाचा सुमार, एवढंच निघालं. सहाला पोळ्यांच्या बाई येत, कुकर लागे, त्याच वेळी सासूबाईंची मालिका सुरू होई. कुकर सकाळी लावायला लागलो, मालिका आतल्या खोलीत गेली आणि संध्याकाळ सुटली. ती संध्याकाळ माझ्या कामाचीही होती, हे विसरू नका. क्लाएंटचे निम्मे फोन त्याच वेळी येतात.

आता कामाचं कॅलेंडर. जीएसटी रिटर्न्सची दर महिन्याची ११ आणि २० तारीख, ३१ जुलैची आयकर रिटर्न्स, ३० सप्टेंबरचे ऑडिट रिपोर्ट. आमच्या धंद्यात धावपळ कधी होणार हे आधीच माहीत असतं, आणि ऑटिस्टिक मुलाला आधी माहीत असलेली गोष्ट पुष्कळ सोपी जाते. तुमच्या कामातही अशा तारखा असतीलच. कालनिर्णय मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. ज्या दिवशी मला उशीर होणार त्या चौकटीत लाल टिकली असते, आणि खाली त्या दिवशी ओटीला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला, कोण नेणार त्याचा छोटा फोटो: बाबा किंवा आजोबा. आदल्या रात्री आणि सकाळी निघताना दोघांनी मिळून बघायचं. सरकारनं मुदत वाढवली, आणि ती वाढतेच, तर टिकली आपण परस्पर काढायची नाही. त्याच्याच हातानं काढायची आणि नव्या तारखेवर लावायची. या कामाला पाच मिनिटं लागतात. ती वाचवली तर पुढचे दोन तास जातात.

उलट बाजूही तितकीच गरजेची: मुलाचं कॅलेंडर ऑफिसला दिसू द्या. ‘जरा सवलत द्या’ असं मोघम मागू नका, त्यानं साहेबही गोंधळतात. तास सांगा. मी क्लाएंटना सांगते, ‘तीन ते पाच मी फोन घेत नाही, निरोप ठेवा, साडेपाचला मी स्वतः करते.’ आणि साडेपाचला करतेच. एकदा विश्वास बसला की कारण कुणी विचारत नाही. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर आईला किंवा एकट्या बापाला बालसंगोपन रजा ७३० दिवसांची असते आणि अपंग मुलाच्या बाबतीत तिला वयाची अट नाही. असं मूल सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. दोन्हींसाठी अर्ज लेखीच द्या.

कागदपत्रं एकदाच नीट करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीही आहेत. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, मात्र त्यात स्वतंत्रपणे नाही, म्हणून डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा जास्त असेल तर १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ८०डीडीखाली ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून १,२५,०००. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. ऑटिझमसाठी त्या कायद्यात फॉर्म १०-आयए हा डॉक्टरांचा दाखला लागतो. १ एप्रिल २०२६पासूनच्या वर्षांना नवा कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा आपल्या सीएला विचारा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच आहे, त्यात थेरपीचाही खर्च येतो.

बाबांनी ‘मदत’ करायची नाही, वार घ्यायचा. बुधवारचा ओटी आमच्याकडे त्यांचा. थेरपिस्टचा फोनही त्यांनाच जातो, मला नाही. हे नातेवाइकांना खटकलं, खटकू दे.

सणांचं वेगळं बघावं लागतं. इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्याकडे निघते, डीजे आणि रंगाच्या टँकरांसकट, आणि मार्चअखेर डोक्यावर असते. आम्ही त्या दिवशी सकाळीच त्याला सुदामानगरला मावशीकडे पोचवतो, कानांवर लावायचे हेडफोन आणि नेहमीची चादर बरोबर. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीची, रात्र तर ऑडिटच्या महिन्यातच येते. त्या आठवड्यात मी नवीन काम घेत नाही.

एवढं करूनही वेळ पुरत नसेल तर काम कमी करा, पण आवडीचं काम आधी सोडू नका. आया हटकून तेच करतात: डोकं लागणारं काम सोडतात आणि ठरावीक, कंटाळवाणं काम सुरक्षित म्हणून धरून ठेवतात. मी बुककीपिंग आणि साधी रिटर्न्स ज्युनियरला दिली, बाहेरगावची ऑडिट्स बंद केली. करांच्या अपिलांची कामं ठेवली, कारण ती लेक झोपल्यावर घरी बसून लिहिता येतात आणि त्यात माझं मन रमतं. तुमची यादी फेब्रुवारीतच करा. सीबीएसई शाळेचं वर्ष आणि आपलं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये एकदमच सुरू होतं, तेव्हा जे सोडणार ते मार्च संपायच्या आत क्लाएंटला किंवा साहेबांना कळलेलं असू द्या, आणि भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरातही आलेलं असू द्या.