ताओवादी साधना घरच्या घरी : उभं राहण्यापासून सुरुवात

ताओवाद ही चीनमधली जुनी विचारपरंपरा. तिच्यातल्या या साधनेसाठी सकाळची वीसेक मिनिटं, हात पसरून उभं राहता येईल एवढी जागा आणि एक साधी खुर्ची लागते. खास कपडे, उदबत्ती, संगीत यांतलं काहीच नको. रिकाम्या किंवा हलक्या पोटी करावं, इतकंच पथ्य.

अशा साधनेला गुरू आणि डोंगरातला मठच हवा, असं अनेकांना वाटतं. त्यांना मावांगदुईचं रेशमी चित्र दाखवावंसं वाटतं. १९७३ साली चीनच्या हुनान प्रांतात, छांग्शा शहराजवळच्या एका थडग्यातून हे रंगवलेलं कापड निघालं. थडगं इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद केलेलं. कापडावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृत्या आहेत. त्यांत बायका आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, वयस्क आहेत. कुणी अंगभर कपडे घातलेत, कुणी उघड्या अंगाने आहे, एकाच्या हातात काठी आहे. या व्यायामप्रकारांना दाओयिन म्हणतात. पुढे ताओपंथीयांनी ते आपल्या साधनेत सामावून घेतले. पण चित्रातली माणसं पाहिली की ही घरादारात राहणाऱ्या लोकांची गोष्ट आहे, हे लगेच पटतं.

आधी एक नियम, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जेवढं जमतं त्याच्या सत्तर टक्केच करायचं. हात पूर्ण ताणता येत असेल तर थोडा अलीकडे थांबवायचा. दहा मिनिटं उभं राहता येत असेल तर सातव्या मिनिटाला थांबायचं. आपल्याकडे व्यायामाची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं. सूर्यनमस्कार घालणारा माणूस आजचा आकडा कालच्यापेक्षा वाढवू पाहतो, प्राणायाम करणारा श्वास जास्तीत जास्त रोखायला बघतो. त्या त्या पद्धतीत त्याला जागा आहे. इथे मात्र जोर लावला की खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो, श्वास छातीत अडकतो आणि जे सैल व्हायला हवं तेच आणखी घट्ट होतं. श्वास मोजायचा नाही, रोखायचा नाही. नाकाने सहज घ्यायचा, सहज सोडायचा. हालचालीबरोबर तो आपोआप लांबतो, त्याला तेवढी सवड द्यायची.

पहिली पायरी : नुसतं उभं राहणं

याला झान झुआंग म्हणतात, म्हणजे खांबासारखं उभं राहणं. विसाव्या शतकात वांग श्यांगझाई (१८८५–१९६३) या मार्शल आर्टच्या शिक्षकांनी आपल्या शिकवण्याच्या केंद्रस्थानी हेच उभं राहणं ठेवलं होतं. पहिले दोन आठवडे तुम्हीही एवढंच करा.

दोन पावलांत खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर ठेवा आणि ती एकमेकांना समांतर असू द्या. आपल्यातल्या बहुतेकांचे चवडे बाहेर वळलेले असतात, त्यामुळे एकदा खाली बघून खात्री करा. वजन टाचेवर किंवा बोटांवर न टाकता तळव्याच्या मधोमध येऊ द्या. गुडघ्यांची कडी सोडा. ते वाकवायचे नाहीत, फक्त मागे ताणून कुलूप लावलेलं काढायचं. उंच स्टुलावर आता टेकणारच आहोत, अशा बेताने माकडहाड खाली सोडा. कमरेतला बाक आपोआप थोडा कमी होतो. शाळेत ‘सावधान’ म्हटलं की छाती पुढे काढायची सवय लागलेली असते, ती इथे मोडायची. छाती जराशी आत, खांदे खाली, काखेत एखादं लिंबू मावेल एवढी जागा. हनुवटी किंचित आत, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकलेली, डोळे उघडे पण कशावरही न रोखलेले.

पहिल्या आठवड्यात हात बाजूला सोडूनच ठेवा. दुसऱ्या आठवड्यात ते पोटासमोर किंवा छातीसमोर गोलाकार धरा, झाड कवेत घेतल्यासारखे. कोपर मनगटापेक्षा खाली, बोटं एकमेकांपासून थोडी सुटी.

दोनेक मिनिटांत काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे घाबरायला नको. मांड्यांत ऊब येईल. हात धरले असतील तर खांदे कानांकडे चढू लागतील. बोटं किंवा गुडघे थरथरू शकतात. ही थरथर म्हणजे थकलेले स्नायू. तिला ‘शक्ती जागी झाली’ वगैरे नावं देऊ नका. खांदे चढले की एक मोठा श्वास सोडा आणि त्याबरोबर त्यांना खाली येऊ द्या. मांड्या फारच भरून आल्या तर थोडं वर उठा. गुडघ्यात टोचलं तर लगेच थांबा. मांडीतली कळ चालते, गुडघ्यातली नाही.

दोन मिनिटांनी सुरुवात करा, दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवा, दहावर थांबा. उभं राहताना लक्ष कुठे ठेवायचं, हा प्रश्न सगळेच विचारतात. बेंबीच्या खाली तीन बोटं आणि तिथून आत, पोटाच्या गाभ्यात. ताओवादी परंपरेत या जागेला खालचं दानतिएन म्हणतात. ती ‘ची’ या जीवनशक्तीची साठवण मानली जाते. ची अशी कुठल्या यंत्रावर मोजून दाखवलेली नाही आणि तिच्यावर विश्वास ठेवल्याशिवायही उभं राहता येतं. लक्ष पोटाकडे ठेवलं की श्वास खाली उतरतो आणि डोक्यातली वर्दळ थोडी कमी होते, एवढं मात्र कुणालाही करून बघता येईल.

दुसरी पायरी : आठातल्या पाच हालचाली

तिसऱ्या आठवड्यापासून उभं राहण्याआधी बादुआनजिन जोडा. आठ हालचालींचा हा संच आहे. बाराव्या शतकात, सोंग राजवटीतल्या लिखाणात त्याचं नाव येतं. चीनच्या क्रीडा प्रशासनाखालच्या संस्थेने २००३ मध्ये त्याची एक प्रमाण आवृत्ती काढली. ती सगळी करायला बारा मिनिटांच्या आसपास लागतात. नवशिक्यांनी सुरुवातीला पाचच घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचवीत डोकं खाली नेऊन फिरवायचं असतं, त्यात गरगरतं. सहावीत कमरेतून वाकून पायांपर्यंत जायचं असतं, ते दुखऱ्या पाठीला सोसत नाही. सातवीत मुठी आवळून डोळे वटारायचे असतात, ती नंतर शिकता येते.

पहिली हालचाल, दोन्ही हातांनी आभाळ पेलणं. पोटासमोर बोटांत बोटं गुंफा, तळवे वर. श्वास घेत हात छातीपर्यंत आणा, तिथे तळवे बाहेरून फिरवून आभाळाकडे वळवा आणि वर ढकला. नजर हातांबरोबर जाते आणि हात वर पोचले की समोर येते. क्षणभर थांबा. मग बोटं सोडवून, श्वास सोडत हात दोन्ही बाजूंनी खाली आणा. टाचा जमिनीवरच. असं सहा वेळा. चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. हात वर नेण्याच्या नादात कंबर मागे वाकते आणि बरगड्या पुढे येतात. एकदा भिंतीला पाठ लावून करून पाहा. कमरेमागची पोकळी वाढत गेली तर हात जास्त वर जातायत, असं समजा. कोपर थोडं वाकलेलं राहिलं तरी काही बिघडत नाही.

दुसरी, धनुष्य ताणणं. डावा पाय बाजूला टाकून पावलं रुंद करा आणि झेपेल तेवढंच खाली बसा. मनगटं छातीसमोर एकमेकांवर आणा. डावा हात बाजूला सरळ ढकला, अंगठा आणि पहिलं बोट ताठ, बाकीची दुमडलेली. उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी करून प्रत्यंचा ओढावी तशी उजव्या खांद्यापर्यंत आणा. नजर डाव्या पहिल्या बोटाच्या पलीकडे, दूर. मग पाय जवळ घेऊन दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडे तीन-तीन वेळा. दिवसभर कीबोर्डवर वाकणाऱ्यांची छाती इथे मोकळी होते, म्हणून ही हालचाल मला फार आवडते.

तिसरीत एक तळवा आभाळाकडे आणि दुसरा कमरेशेजारी जमिनीकडे, दोन्ही एकाच वेळी ढकलायचे. चौथीत हात बाजूला सोडून तळवे बाहेर फिरवायचे आणि मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचं. धड समोरच राहतं, वळते ती मान. दोन्ही हालचाली आलटून पालटून, दोन्ही बाजूंना तीन वेळा.

शेवटी आठवी. टाचा उचला, डोक्याच्या शेंड्यापासून कुणी वर ओढतंय असं उभे राहा, एक-दोन क्षण थांबा आणि टाचा हलकेच जमिनीवर सोडा. सात वेळा. हाडं ठिसूळ असतील किंवा गुडघ्याचं, मणक्याचं दुखणं असेल तर टाचा आपटू नका, सावकाश टेकवा.

तिसरी पायरी : बसणं आणि विसरणं

हालचाली आणि उभं राहणं झालं की खुर्चीवर बसा. पाठ न टेकता पुढच्या अर्ध्या भागावर, पावलं जमिनीवर, हात मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. पाच मिनिटं पुरेत.

या बसण्याला त्सुओवांग म्हणतात. त्याची जुनी गोष्ट च्वांग-त्सू या प्राचीन ताओवादी ग्रंथात आहे. यान हुई हा शिष्य कन्फ्यूशियसला सांगतो, माझी प्रगती होतेय. कशी, तर मी काही गोष्टी विसरलोय. सद्गुणांचे धडे विसरलो, नंतर विधी-नियम विसरलो आणि शेवटी येऊन म्हणतो, आता मी बसतो आणि सगळंच विसरतो. गुरू चमकतो आणि मीच तुझ्या मागे यायला हवं, असं शिष्याला म्हणतो. थांग काळातले ताओवादी आचार्य सीमा चंगचन (६४७–७३५) यांनी याच बसण्यावर एक सबंध ग्रंथ लिहिला. मन फार आवळून धरलं तर त्यातूनच आजार उभा राहतो, असं त्यांनी बजावलं आहे.

म्हणून पद्धत अगदी साधी ठेवा. पहिले काही श्वास लक्ष पोटाच्या गाभ्यात ठेवा आणि मग तेही सोडून द्या. विचार आला तर त्याला हुसकू नका आणि त्याच्यामागे जाऊही नका. इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलेल्यांना इथे अंगभर लक्ष फिरवावंसं वाटेल. तेही करू नका. दोन पद्धती एकाच बैठकीत मिसळल्या की दोन्हींचं काम अर्धवट राहतं. हॉर्नचा आवाज आला, कुकरची शिट्टी झाली, तर ती ऐकू येईल तशी येऊ द्या. पाच मिनिटांनी हात एकमेकांवर चोळा, ते डोळ्यांवर ठेवा, मग चेहऱ्यावरून फिरवा आणि उठा.

उरलेला दिवस

सत्तर टक्क्यांचा नियम जेवणालाही लावा. चीनमध्ये सात हिस्से पोट भरावं असं म्हणतातच. सातव्या शतकातले वैद्य आणि ताओवादी सुन सिम्याओ यांनी जेवणानंतर थोडं चालायला आणि पोटावरून हात फिरवायला सांगितलं आहे. जेवून शंभर पावलं चाला आणि नव्याण्णव वर्षं जगा, अशी तिकडे म्हणही आहे. आपल्याकडे तर यासाठी शतपावली हा तयार शब्द आहे, फक्त ती करताना फोन घरी ठेवून जायचं.

झोपेबद्दल जुन्या चिनी वैद्यकग्रंथात ऋतूनुसार सल्ला आहे. हिवाळ्यात लवकर झोपावं आणि ऊन येईपर्यंत उठू नये, उन्हाळ्यात रात्री थोडं उशिरा झोपून पहाटे लवकर उठावं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला उठून उघड्या गच्चीत सराव करण्याचा हट्ट म्हणूनच सोडावा. सूर्य वर आला की करा.

कुठे थांबायचं

गरोदर असाल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, वारंवार तोल जात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर तासन्‌तास ची फिरवण्याचे, खोल ध्यानाचे प्रकार टाळा. चीगोंग म्हणजे श्वास, हालचाल आणि लक्ष यांतून ची जोपासण्याचा सराव. त्याच्या अतिरेकानंतर काहींना भास आणि संभ्रम झाल्याची नोंद चिनी मानसोपचारात आहे. चालू औषधं या सरावापायी बंद करू नयेत. वयस्क माणसांचं पडणं ताई-ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामाने कमी होतं, याला चांगला पुरावा आहे. पण याच जातीच्या सरावाने मधुमेह, कर्करोग बरे होतात असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

काढे, गोळ्या, ‘दीर्घायुष्याच्या’ पुड्या घ्यायच्याच नाहीत. पाऱ्यापासून बनवलेलं अमृत पिऊन थांग घराण्यातल्या एकाहून अधिक सम्राटांनी जीव गमावला. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एक चिनी वनस्पती गेली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. १२२२ साली सत्तरी ओलांडलेले ताओवादी गुरू च्यू छूजी हिंदुकुशाजवळच्या छावणीत चंगीज खानाला भेटले. खानाने त्यांना अमरत्वाचं औषध मागितलं. आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. एवढ्या मोठ्या सत्तेपुढे हे म्हणायला काय लागलं असेल, याचा विचार करून माझा त्यांच्याबद्दलचा आदर दर वेळी वाढतो.

महिना-दोन महिन्यांनी शिक्षक शोधावासा वाटेल. मुंबई-पुण्यात ताई-ची आणि चीगोंगचे वर्ग चालतात. एक तास बसून पाहू द्या, असं विचारा. शिक्षक गुडघे कसे ठेवलेत ते प्रत्येकाजवळ जाऊन बघतात का, म्हाताऱ्या माणसाला वेगळं सांगतात का, ‘दुखलं तर थांबा’ म्हणतात का, याकडे लक्ष द्या. गुप्त विद्या पुढच्या पातळीला मिळेल आणि तिचे पैसे वेगळे, असं ऐकू आलं तर तिथे नाव नोंदवू नका.