दुर्बिणीवरचा डीएसएलआर काढून कूल्ड कॅमेरा लावताय? आधी मिलिमीटर मोजा

माझी ८ इंची एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, फोकल लेन्थ १००० मिमी, त्यावर आयएमएक्स५३३ सेन्सरचा कूल्ड (सेन्सर थंड ठेवणारा) कॅमेरा बसवला. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, आधी हिशोब करा: पिक्सेल साइज गुणिले २०६ भागिले फोकल लेन्थ. या सेन्सरच्या ३.७६ मायक्रॉनला एका पिक्सेलमागे ०.७८ आर्कसेकंद (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) येतात आणि आपल्याकडे आकाश बरं असलं तरी तारा २-३ आर्कसेकंद फुगलेला असतो, म्हणजे एका ताऱ्याला तीन-चार पिक्सेल मिळतात, एकदम बरोबर. सेन्सर ११ मिमीचा चौकोनी आहे, चंद्र अख्खा बसतो पण देवयानी दीर्घिका मावत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

आता खरं काम. कोमा करेक्टरपासून (कडेचे तारे नीट गोल ठेवणारी भिंग) सेन्सरपर्यंत बहुतेक ठिकाणी ५५ मिमी लागतात. डीएसएलआर आणि टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) मिळून ते आपोआप व्हायचे. नव्या कॅमेऱ्यात सेन्सर १७.५ मिमी आत असतो, म्हणजे ३७.५ मिमीचे स्पेसर (अंतर भरणाऱ्या कड्या) तुम्हाला घालावे लागतात, आणि मध्ये २ मिमीचा फिल्टर असेल तर अजून साधारण ०.७ मिमी वाढवा. मी पहिल्या रात्री एक स्पेसर विसरलो, कोपऱ्यातले सगळे तारे लांबट, रात्र वाया. तेव्हापासून व्हर्नियर कॅलिपर बॅगेतच असतो.

एकच कोपरा बिघडला असेल तर कॅमेरा १८० अंश फिरवून परत फोटो घ्या. फ्रेममध्ये तोच कोपरा खराब राहिला तर तिरपेपणा कॅमेऱ्याच्या बाजूला आहे, समोरच्या कोपऱ्यात गेला तर फोकसर किंवा कॉलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत का ते) बघा. फार उपयोगी टेस्ट आहे ही, हे न करता स्क्रू फिरवत बसू नका.

कूलिंग बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण ३५ अंश खाली जातं, पण आपल्याकडे रात्री २८ असेल तर उणे १० सेट करून कूलर १०० टक्क्यांवर पळवण्यात अर्थ नाही, ० किंवा उणे ५ वर ठेवा आणि त्याच तापमानाचे, त्याच गेनचे (सेन्सरची संवेदनशीलता), तेवढ्याच एक्सपोजरचे डार्क (झाकण लावून काढलेले फोटो, सेन्सरचा गोंगाट वजा करायला) घ्या. कोकणात दमट हवेत आतल्या काचेवर दव येतं, सिलिका जेल बदलत राहा. सेन्सरच्या काचेवर धूळ दिसली तर तोंडाने फुंकर अजिबात मारू नका, थुंकीचा थेंब पडला की प्रत्येक फ्लॅटमध्ये (एकसारख्या उजेडात काढलेला तपासणीचा फोटो) डाग, रबरी ब्लोअरच वापरा.