तासाचं रेकॉर्डिंग आणि वर्गातले पोल : या चुका टाळा

पावसाळ्यात वर्गात घेतलेल्या एका तासाचं रेकॉर्डिंग घरी लावून पाहिलं. चित्र झकास, फळ्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येत होती. आवाज मात्र पंख्यांचा. सहा पंखे आणि पत्र्यावरचा पाऊस यांच्या पलीकडे कुठेतरी मी चाळीस मिनिटं शिकवत होतो.

आपल्याकडे पैसे कॅमेऱ्यावर खर्च होतात आणि ‘माइकचं नंतर बघू’ म्हणतात. चूक इथेच होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मागच्या बाकावर ठेवलेल्या मोबाइलला डोक्यावरचा पंखा जवळ आणि शिकवणारा लांब, मग ऐकू काय येणार? साधा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. गळ्यातलं ओळखपत्र आधी काढून ठेवा, नाहीतर ते तासभर माइकवर घासत राहतं. ओढणी आणि मंगळसूत्राचंही तेच. नदीपात्राजवळच्या कॉलेजांत गणपतीच्या आधी संध्याकाळची बॅच असेल, तर कुठलाच माइक उपयोगाचा नाही. ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की तास सकाळी घ्यावा हे उत्तम.

मुलांचे प्रश्न कॉलर माइकमध्ये येत नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये मोठी शांतता आणि मग सरांचं एकदम ‘नाही, तसं नाही’ एवढंच उरतं. म्हणून प्रश्न आपल्या तोंडाने पुन्हा म्हणायचा. वर्गातल्या मागच्या बाकांनाही त्याची गरज असतेच.

चित्राच्या तक्रारी बहुधा दोनच. प्रोजेक्टरच्या उजेडामुळे शेजारचा फळा काळाठिक्कर दिसतो. अशा वेळी मोबाइलच्या स्क्रीनवर फळ्याच्या जागी बोट दाबून धरून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, लॉक करा. चित्रात पट्टे सरकत असतील तर दोष दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा.

पूर्ण तास जसाच्या तसा अपलोड करावा का? २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा अभ्यास झाला होता. जवळपास ६९ लाख वेळा पाहिलेल्या व्हिडिओंच्या नोंदींत असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असो, किमान निम्मे प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री आपली मुलं अख्खा तास दुप्पट वेगाने पाहतात, हेही खरं. त्यामुळे कापाकापीत रविवार घालवू नका. यूट्यूबच्या वर्णनात व्हिडिओतल्या किमान तीन ठिकाणांच्या मिनिट-सेकंदातल्या वेळा, पहिली ०:००, आणि त्यांपुढे मुद्दे लिहा, म्हणजे व्हिडिओची प्रकरणं आपोआप पडतात.

आता पोल, म्हणजे वर्गात प्रश्न टाकून सगळ्यांची उत्तरं एकदम घेणं. सत्तर मुलं एकाच वेळी कॉलेजच्या वायफायवर लिंक उघडतात आणि ‘सर, ओपन होत नाहीये’ यात दहा मिनिटं जातात. त्यापेक्षा प्लिकर्सची कागदी कार्डं बरी. मुलं कार्ड फिरवून उत्तर दाखवतात आणि फोन फक्त शिकवणाऱ्याचा लागतो. गुरुवारी वीज गेली तरी ती चालतात.

पण खरी गोम प्रश्नात असते. ‘कळलं का?’ असा पोल घेतलात तर सगळे हो म्हणणारच. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वेगळी पद्धत राबवली. संकल्पनेवरचा एक प्रश्न विचारायचा आणि प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली, तर शेजाऱ्याशी वाद घालायला लावून पुन्हा मत घ्यायचं. आपण करतो काय, तर पहिल्या मतदानानंतर लगेच आलेख पडद्यावर टाकतो. मग उंच पट्टी दिसेल तिकडे सगळा वर्ग वळतो आणि वाद संपतो. दुसरं मत होईपर्यंत आलेख झाकूनच ठेवा. आणि पोलवर हजेरी लावू नका, लिंक व्हॉट्सॲपवर जाते आणि उत्तरं चहाच्या टपरीवरून येतात.

चेहरे दिसणार असतील तर मुलांना आधी विचारा. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला आहे. शिवाय यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ म्हणजे खासगी नव्हे, लिंक मिळालेला कुणीही ते पाहू शकतो.

तासाआधी तीस सेकंद रेकॉर्ड करून इअरफोन लावून ऐका. पंखे चालू ठेवून.