बिबट्या कुठल्या गावचा? विचित्र बातम्यांत होणाऱ्या या चुका टाळा

परवा सकाळी साडेसहाला भाच्याचा फोन आला. "मामा, सांगलीवाडीत दोन तोंडांचं रेडकू जन्मलंय. व्हिडिओ पाठवलाय. चॅनेलवर टाकू का?"

मी विचारलं, "कुणाच्या गोठ्यात?"

"ते माहीत नाही, पण व्हिडिओ एकदम क्लिअर आहे."

भाचा यूट्यूबवर तालुक्याच्या बातम्या देतो. गडी कष्टाळू आहे, पण घाई फार. मी सांगलीतल्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावर बावीस वर्षं काढली. त्या काळात पाऊस पाडणारे बाबा, दारावर येणारी बाई, नागमणी आणि तळघरातली सोन्याची नाणी, सगळं टेबलावरून गेलं. यातल्या बऱ्याच बातम्या मी अडवल्या आणि काही माझ्याच हातून छापल्या गेल्या. आता निवृत्त आहे, पण चुका त्याच दिसतात. पूर्वी त्या करायला पत्रकार व्हावं लागायचं, एवढाच फरक.

फोटो आहे म्हणजे घडलंय

ही माझी लाडकी चूक, कारण ती मी स्वतः केली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. थंडीचे दिवस, ऊसतोडीचा ऐन हंगाम, रात्री साडेनऊ, पान सोडायची वेळ. कराड तालुक्यातल्या एका नव्या वार्ताहराने फोटो पाठवला. उसाच्या बांधावर बिबट्या ऐसपैस बसलेला. खाली त्याच्या गावाचं नाव आणि 'ग्रामस्थांत घबराट'. ही 'घबराट' आमच्याकडे कायम तयार असते, हवी तिथे चिकटवायची.

कराड भागात उसात बिबट्या असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माद्या उसातच पिल्लं देतात. त्यामुळे मला शंकाच आली नाही. चांगली खोटी बातमी अशीच असते, तिचा नव्वद टक्के भाग तुम्हाला आधीच पटलेला असतो. फोटो तीन कॉलम लावला आणि घरी जाऊन झोपलो.

तिसऱ्या दिवशी एक शेतकरी ऑफिसात आला. पन्नाशीचा माणूस, हातात आमचाच अंक. त्याच्या फडात बीडची टोळी तोड करत होती. पेपर वाचून मुकादमाने कोयते खाली ठेवायला लावले. बायका-पोरांना घेऊन पहाटे अंधारात फडात कोण शिरणार? दोन दिवस टोळी कोप्यांतून हलली नाही. तोवर कारखान्याने गाड्या दुसरीकडे वळवल्या आणि याची पाळी गेली. अर्धा ऊस तुटून वाळत पडलेला. तो ओरडला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. अंक टेबलावर ठेवून म्हणाला, "आण्णा, तुमच्या बिबट्यानं माझा ऊस खाल्ला बघा."

मग मी तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. मोठा करून. बिबट्याच्या मागे पाण्याची टाकी होती आणि टाकीवर कानडी अक्षरं होती. कराड तालुक्यात कानडी टाकी! त्या रात्री मी फक्त बिबट्या पाहिला होता. पुढच्या पंधरवड्यात तोच बिबट्या शिराळ्यात दिसला, मग वाळव्यात, मग कडेगावात, प्रत्येक वेळी तसाच ऐसपैस बसलेला.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. फोटो आला की मधला विषय अंगठ्याने झाकायचा आणि उरलेलं बघायचं. गाडीची नंबरप्लेट, दुकानाची पाटी, विजेचे खांब, लोकांचे कपडे, झाडं. दुसरं म्हणजे, पाठवणाऱ्याला सांगायचं, "त्याच जागी आत्ता उभा राहा आणि बिबट्या नसलेला फोटो पाठव." खरा वार्ताहर अर्ध्या तासात पाठवतो. खोटा असेल तर रेंज जाते, बॅटरी संपते, आजी आजारी पडते. फोटोवरून शोधायची सोय आता फोनमध्येच आहे. गूगल लेन्सला फोटो दाखवला की तो आधी कुठे कुठे फिरलाय ते बऱ्याचदा कळतं. व्हिडिओ असेल तर थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो दाखवा. पण काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं मानू नका. आता एआयने काढलेला बिबट्या ताजा कोराच असतो, त्याला जुना जन्मच नाही. अशा वेळी गावच्या पोलीस पाटलाला फोन करण्याला पर्याय नाही. 'एआयलाच विचारलं, ते खरं म्हणालं' असं सांगणारी पोरं भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो आणि घरी पाठवतो.

'आज' या शब्दावर विश्वास

'आज रात्री कोयनेचे सगळे दरवाजे उघडणार, नदीकाठ रिकामा करा.' हा मेसेज दर पावसाळ्यात येतो. कारण 'आज' कधीच शिळा होत नाही. तारीख नसलेला मेसेज वाचूच नका. आकडाही तपासा. कोयनेच्या पायथा वीजगृहातून साधारण २१०० क्युसेक पाणी सुटतं, ती पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे. लोक त्यालाच 'धरण सोडलं' म्हणतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि त्या वर्षीचे फोटो पाणी २५ फुटांवर असतानाही 'आत्ताची परिस्थिती' म्हणून फिरतात. जलसंपदा विभाग आणि जिल्हा प्रशासन पावसाळ्यात रोजची पातळी वेळेसकट देतात. वेळ नसलेला आकडा म्हणजे गप्पा.

कोयनेला भूकंपाचा बारीक धक्का बसला की 'धरणाला तडा' ठरलेलाच. ११ डिसेंबर १९६७ चा मोठा भूकंप ज्यांनी पाहिला ती पिढी अजून आहे, त्यांच्या जिवाशी हा खेळ असतो. यावर मी जास्त बोलत नाही, राग येतो.

पेपरचं कात्रण आहे म्हणून खरं मानणं

कात्रण बनवून देणाऱ्या साइट आहेत. खऱ्या बातमीला सुरुवातीला गाव असतं, बहुतेक वेळा तारीख असते, 'प्रतिनिधी' किंवा 'वार्ताहर' असतं. शेजारच्या बातमीचा किंवा जाहिरातीचा तुकडा कडेला आलेला असतो. चारी बाजूंनी गुळगुळीत कापलेलं, शुद्धलेखनात एकही चूक नसलेलं कात्रण दिसलं की समजा, ते आमच्या धंद्यातलं नाही.

आपल्या पुराणात आहे म्हणून सोडून देणं

२००४ च्या सुमारास ई-मेलवर एक फोटो आला. खड्ड्यात प्रचंड मोठा मानवी सांगाडा आणि त्याच्या कवटीपाशी मुंगीएवढा माणूस. मजकूर असा की उत्तर भारतातल्या वाळवंटात उत्खनन झालं, हा घटोत्कच. आमच्या ऑफिसात अक्षरशः दोन तट पडले. एक ज्येष्ठ सहकारी हात जोडून उभे राहिले. छापावं की नाही यावर तासभर भांडण झालं. बातमी अडली ती शहाणपणामुळे नाही, जागा नव्हती म्हणून. शेवटच्या क्षणी साखर कारखान्याची पानभर जाहिरात आली.

नंतर सगळा उलगडा झाला. २००२ मध्ये वर्थ१००० नावाच्या संकेतस्थळावर फोटो बदलण्याची एक स्पर्धा झाली होती, त्यात आयर्नकाइट या टोपणनावाच्या कलाकाराने हे चित्र केलं होतं. खालचा खड्डा खरा होता. २००० साली न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावी मॅस्टोडॉन या हत्तीच्या नामशेष भाईबंदाची हाडं खोदून काढत होते, त्याचा तो वरून घेतलेला फोटो. कॉर्नेल विद्यापीठाचे लोक त्या कामात होते. नॅशनल जिओग्राफिकला २००७ मध्ये खुलासा करावा लागला, कारण शोधाचं श्रेय त्यांच्याच गळ्यात घातलं होतं.

गंमत पुढे आहे. तोच सांगाडा अरबी वाळवंटातही सापडला होता, आणि तिथे तो कुराणातल्या आद जमातीचा होता! म्हणजे चित्र एकच, श्रद्धा ज्याची त्याची. आपल्याला आवडणारी बातमी असेल तर हीच बातमी दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या पक्षाच्या नावाने आली असती तर आपण काय विचारलं असतं, ते आधी विचारावं. मी अजूनही कागदावर नावं बदलून बघतो.

अशक्य वाटतं म्हणून खोटं ठरवणं

ही उलटी चूक, आणि ती शहाण्यांची. ऑगस्ट २०१९ मध्ये पुरात घराच्या कौलांवर मगर बसल्याचा व्हिडिओ आला. मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं, 'एडिटेड.' तो खरा होता. बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातला, म्हणजे मिरजेहून रेल्वेने जवळच. कृष्णेत मगरी आहेत, पाणी छपरापर्यंत गेलं होतं, मग मगर बसणार कुठे? मला आठ दिवस 'एडिटेड आण्णा' म्हणत होते. माझी चूक अशी की मी 'असं होऊ शकतं का' एवढंच विचारलं. 'कुठलं गाव' विचारलं असतं तर एका फोनवर काम झालं असतं.

डोळ्यांनी पाहिलं आणि कारणही डोळ्यांनी पाहिलं असं समजणं

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला. मी साताऱ्यात पाहुण्यांकडे होतो, रांगेत उभा राहून मीही चमचा धरला. दूध खरंच कमी झालं. पृष्ठताणामुळे ते चमच्याच्या कडेवरून मूर्तीकडे ओढलं जातं आणि अंगावरून पातळ थराने खाली उतरतं. रंगीत दूध वापरून शास्त्रज्ञांनी ते दाखवलं. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच, त्यांचे कार्यकर्ते हे समजावत फिरत होते आणि लोक त्यांच्यावरच चिडत होते. पाहणारा खोटं बोलत नव्हता, एवढं लक्षात ठेवून त्याच्याशी बोला. अंगावर गेलात तर तो मूर्ती घट्ट धरून बसतो.

'सगळीकडून तेच येतंय'

हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा भागातले. संशय एकच, मुलं पळवणारी टोळी. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरून येऊन मूल उचलणाऱ्यांचा. तो कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी मूल परत देऊन फलक दाखवतात, नेमका तेवढाच भाग कुणीतरी कापला होता.

यातून शिकलो म्हणावं तर सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यातल्या लवंग्यात उत्तर प्रदेशच्या चार साधूंना पट्ट्यांनी मारलं. ते विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते, वाटेत एका मुलाला रस्ता विचारला, एवढाच गुन्हा. पोलिसांनी चौकशी केल्यावर ते खरे साधू निघाले.

वीस ग्रुपवर एकच मेसेज येतो तेव्हा ते वीस साक्षीदार नसतात. मेसेज एकाचाच, हात वीस जणांचे. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली की तो बऱ्याच हातांतून आलाय. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, २०२० मध्ये दोन बाणवाला मेसेज एकाच ठिकाणी. तरी लोक कॉपी करून चिकटवतात, मेहनत घेतात! मी पाठवणाऱ्याला विचारतो, "तुला कुणी पाठवलं?" मग त्याला. तिसऱ्या-चौथ्या माणसाशी हमखास 'एका ग्रुपवर आलं' इथे वाट संपते. मुलांचा, जातीधर्माचा किंवा विषबाधेचा मेसेज असेल तर पुढे पाठवण्याऐवजी पोलीस ठाण्याला फोन करा. 'जसं आलं तसं पाठवलं' हे उत्तर तिथे चालत नाही. भारतीय न्याय संहितेत अशा अफवांसाठी कलम ३५३ आहे.

प्रश्नचिन्ह लावून मोकळं होणं

भाच्याने तेच केलं. मी नको म्हटलेलं असताना दुपारी व्हिडिओ टाकला, मथळा 'सांगलीवाडीत दोन तोंडांचं रेडकू?' वाचणारा प्रश्नचिन्ह वाचत नाही. दोन तोंडांची वासरं, रेडकं क्वचित जन्मतातही, मला अडचण रेडकाची नव्हती, सांगलीवाडीची होती. संध्याकाळपर्यंत लोक हळद-कुंकू, नारळ घेऊन सांगलीवाडीत गोठे शोधत हिंडत होते. एका म्हातारीने दारात आलेल्यांना काठी दाखवली म्हणतात, आणि बरं केलं. भाचा मग गुरांच्या दवाखान्यात गेला. तिथे कुणी असं रेडकू पाहिलं नव्हतं.

रात्री म्हणाला, "मामा, डिलीट केला."

म्हटलं, डिलीट करून चालत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना कसं कळणार? त्याच चॅनेलवर, तेवढ्याच मोठ्या मथळ्यात 'आमचं चुकलं' सांग. बिबट्याचा खुलासा आम्ही पान सातवर तळाला दोन ओळींत दिला होता, राशिभविष्याच्या खाली. तो त्या मुकादमापर्यंत कधी पोचला नाही.

भाच्याने तोंड पाडून दुसरा व्हिडिओ केला. बघणारे पहिल्याच्या पासंगालाही पुरले नाहीत. खाली पहिली कमेंट आली, 'ते ठीक आहे, पण रेडकू आता कसं आहे?'